एका पाळीखालची गावे

गोंदियाहून दक्षिणेस कोहमाऱ्याच्या रोखाने जाणाऱ्या सडकेवर गोरेगाव लागते. दोहो बाजूंस धानाच्या बांध्यांमागून बांध्या दिसत असल्यामुळे मुलूख सपाट आहे अशी प्रवाशाची समजूत होते. पाण्याच्या हिशेबाने मात्र हा एक माथा आहे. या तालुक्यात उगम पावणारी पांगोली उत्तरेस गोंदियाच्या अंगाने वाहत जाऊन बाघ नदीस मिळते. याच बाजूच्या डोंगराळ भागातून निघणारी चुलबंद दक्षिणेची वाट धरते आणि भंडारा जिल्ह्यात वैनगंगेस जाऊन मिळते. माथ्यावरच्या मुलखात पाणी येते पुष्कळ, पण थांबत नाही. वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडूनही हस्ताचा पाऊस चुकला की पोटरीत आलेला धान डोळ्यांदेखत वाळतो, हा येथल्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्या एका पंधरवड्यासाठी, ऐन वेळच्या दोन पाण्यांसाठी, पूर्वजांनी जो उद्योग केला त्याची ही हकीकत. तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो अद्याप सुटलेला नाही. पाणी अनेक गावांचे आणि पाळ एका गावाच्या शिवेत, असे असता त्या पाळीची काळजी कोणी वाहावयाची?

या उद्योगातून जे उभे राहिले त्याचे सरकारदप्तरी नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांनी दोन आद्याक्षरे उचलून त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले, त्यामुळे नवख्यास वाटते की कोणा मामाने हा बांधला असावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. रचना साधी आहे. उतारावर दोन उंचवट्यांच्या मध्ये मातीची पाळ घालावयाची. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे द्वार ठेवावयाचे, त्यास तिकडे तुडूम म्हणतात. आणि एका टोकास, पाळीच्या माथ्याहून काही हात खाली, जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा काढावयाचा. तुडुमातून सुटलेले पाणी पाटाने पहिल्या बांधीत जाते. ती भरली की धुऱ्याचे तोंड फोडून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक शेतास वेगळी चारी नाही. शेवटच्या बांधीच्या मालकास आपले पाणी शेजाऱ्यांच्या दहा शेतांतून आणावे लागते. मधल्या एकाने तोंड दाबून धरले तर त्याचा धान गेलाच. भांडून हे पाणी मिळत नाही, हे तेथल्या पोरासही कळते.

जे शेताशेतांत तेच गावागावांत. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की ते पाणी नाल्याने खालच्या गावच्या तलावात उतरते. तो भरला की त्याच्याही खालच्या तलावात. एकाच ओढ्यावर तीन-तीन, चार-चार तलावांची माळ गुंफलेली असते. वरच्या गावाने आपला सांडवा हातभर उंच केला तर दोन अनर्थ एकदमच होतात. खालच्या गावचा तलाव अर्धाच भरतो, आणि वरच्या अंगास तलावाच्या काठावरची शेते, जी कदाचित तिसऱ्याच गावची असतील, ती बुडतात. उलट वरची पाळ दुर्लक्षामुळे एखाद्या रात्री फुटली म्हणजे लोंढा खालच्या पाळीवर येऊन आदळतो. हद्दीचे दगड महसूल खात्याने मोठ्या काटेकोरपणाने रोवले आहेत खरे. ओढा त्यांना ओळखत नाही.

ही विद्या मुख्यत्वे कोहळी समाजाची. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे शेतकरी ऊस व धान पिकविण्यात आणि तलाव बांधण्यात निष्णात. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणविले अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाने भिजणारी जमीन द्यावयाची, असा त्या राजवटीचा शिरस्ता होता असेही सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी व्यवहाराचे मर्म या शिरस्त्यात आहे. तलाव बांधणाऱ्याचा लाभ तलावाखालच्या शेतातच असला म्हणजे पाळ दुरुस्त ठेवण्यासाठी त्याला हुकूम सोडावा लागत नाही. आजच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध हा या विद्येचा सर्वांत भव्य नमुना. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात. टेकड्यांच्या मधल्या फटी तेवढ्या बांधून काढून कित्येक चौरस मैलांचा जलाशय उभा करणे हे आजच्या अभियंत्यासही विचारात पाडणारे काम आहे. तेथील लोकांनी या पाटलाला पुढे देवत्व दिले. कोलासुर या नावाने त्याचे स्थान तलावाशेजारच्या टेकडीवर आहे.

१८५३ नंतर नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांकडे गेले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. पुढे झालेल्या जमाबंदीत, पूर्वी जे केवळ वसुलीचे मक्तेदार वा पाटील होते अशा मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि गावाबरोबर तलावाचीही. परंतु या मालकीला एक वेसण होती, व ती फार महत्त्वाची आहे. प्रत्येक गावचे रीतिरिवाज लिहून ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद तयार करण्यात आला. कोणत्या शेतांना पाणी फुकट, कोणत्यांना मोल घेऊन. आधी कोणाचा क्रम, मागून कोणाचा. गुरांना पाणी, आंघोळ, धुणे, मासे, तलावातला गाळ यांवर कोणाचा कोणता हक्क, या गोष्टी त्या कागदात आल्या. गावकऱ्यांच्या या सामाईक हक्कांना निस्तार असे म्हणत. मालगुजार तलावाचा मालक होता, पण पाण्याचा तो निरंकुश धनी नव्हता.

या व्यवस्थेस सुवर्णयुग समजण्याचे मात्र कारण नाही. मालगुजाराची स्वतःची ‘सीर’ जमीन बहुधा पाटाच्या तोंडाशीच असे आणि टंचाईच्या साली पहिले पाणी तिकडेच वळे. पाळीवर माती टाकण्यास गावाने माणसे द्यावयाची, हा रिवाज कोठे सहकाराचा असे, कोठे सरळसरळ वेठीचा. ज्यांना जमीनच नव्हती अशा घरांनी माती वाहिली आणि पाणी दुसऱ्याच्या बांधीत गेले, असेही पुष्कळ घडले. तथापि पावसाळ्यापूर्वी पाळ पाहावयास कोणी जावयाचे, याबद्दल कोणाच्या मनात संशय नसे. मालगुजाराची सीर तलावाखाली होती. पाळ फुटली तर पहिला तोच बुडत असे. शेजारच्या दोन गावांचे मालगुजार पुष्कळदा नात्यागोत्याचे असत, किंवा दोन्ही गावे एकाच घराण्याकडे असत, म्हणून वरच्या-खालच्या तलावांचे तंटे बैठकीवरच मिटत. जेथे घराणी वैरी होती तेथे ते कचेरीत जात व पिढ्यान्‌पिढ्या चालत.

सरकारनेही या गोष्टीकडे अगदीच पाठ फिरविली नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत गोरेगाव-तिरोड्याच्या बाजूस बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव पाटबंधारे खात्याने बांधले. एका गावाच्या ऐपतीपलीकडचे काम सरकारच्या तिजोरीतून झाले आणि त्याचे पाणी अनेक गावांस मिळू लागले. १९३१ च्या मध्यप्रांत पाटबंधारे कायद्यात पाणीवाटपासाठी सिंचन पंचायतीची तरतूद होती. १९४८ साली तर मध्यप्रांत व वऱ्हाडात एक धाडसी प्रयोग झाला. स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जिल्हा कौन्सिले मोडून तहसिलीच्या पायरीवर जनपद सभा स्थापन झाल्या. तहसील ही तलावांची अख्खी माळ सामावून घेईल एवढी मोठी आणि पाळीवर जाऊन पाहता येईल एवढी लहान. या कामासाठी याहून सोयीचे माप सापडणे कठीण होते. दुर्दैव असे की, जनपद सभा आल्या तेव्हा तलाव मालगुजारांचे होते, आणि मालगुजारी संपली तेव्हा तलाव जनपद सभांच्या नावे न होता थेट राज्याचे झाले.

ती तारीख ३१ मार्च १९५१. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले आणि तलाव राज्य शासनात निहित झाले. जमीनदारी जाणे हे न्याय्यच होते; त्याबद्दल आज कोणी अश्रू ढाळू नयेत. परंतु त्या एका दिवसात एक गोष्ट नकळत तुटली. गावकऱ्यांचा पाण्यावरील हक्क वाजिब-उल-अर्जाच्या आधारे टिकून राहिला. पाळीची दुरुस्ती करण्याचे ज्याच्यावर ओझे होते तो मालगुजार मात्र नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेल्या नव्या मालकाची, म्हणजे शासनाची, तलावाखाली एक बांधीदेखील नव्हती. हक्क एका बाजूस राहिला आणि कर्तव्य दुसऱ्या बाजूस गेले. शासनाने पाणीपट्टी आकारावयाचे म्हटले की शेतकरी म्हणत, आमच्या बापजाद्यांना हे पाणी फुकट होते, हा पाहा कागद. शासन म्हणे, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून करावयाची? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, आणि हा वाद चालू असता दरसाल गाळाचा एकेक थर तलावात बसत राहिला.

१९५६ साली भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, जनपद सभा इतिहासजमा झाल्या. मग तलावांची वाटणी झाली. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे. कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते. परंतु पाण्याच्या माळेवर ती लावून पाहिली म्हणजे तिचे वैगुण्य कळते. वरचा मोठा तलाव एका खात्याचा, मधला लहान दुसऱ्या संस्थेचा, खालची बोडी खाजगी शेतकऱ्याची. मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थेस. तलावाच्या पोटात उन्हाळी पीक घेणारा आणखी निराळा. आणि काठावरच्या अतिक्रमणाचा प्रश्न महसूल खात्याचा. जे एका नजरेत दिसावयाचे ते पाच दप्तरांत विखुरले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यावर आणखी एक रेषा वाढली. चुलबंद नदी पूर्वी एकाच जिल्ह्यात उगम पावून तेथेच वैनगंगेस मिळत असे. आता तिचा माथा एका जिल्ह्यात आणि पायथा दुसऱ्यात आहे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की अनेक मालकांच्या हाती पाणी नीट राहूच शकत नाही. तसे नाही. महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकास, धुळे-नाशिकच्या बाजूस पांझरा व मोसम या नद्यांवर फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी देण्यास पाटकरी आणि राखणीस जागल्या, व त्यांचे मोल शेतकऱ्यांनीच द्यावयाचे. पाणी कमी झाले की सर्वांचेच क्षेत्र कमी. एकाचे हिरवे आणि दुसऱ्याचे कोरडे असे नाही. स्पेनमधील व्हॅलेन्शिया शहरात तर आठ कालव्यांवरील शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी निकालात काढतात, आणि हा परिपाठ कित्येक शतकांचा आहे. युनेस्कोने २००९ साली त्यास मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. या दोन्ही ठिकाणी मालक पुष्कळ आहेत. परंतु पाणी सोडणारा, त्याचे मोल देणारा आणि चुकल्यास जाब विचारणारा हे तिघे एकाच काठावर राहतात.

गोंदिया जिल्ह्यात मोठ्या धरणांचे युग आल्यावर शेजाराचे वर्तुळ आणखी रुंदावले. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. त्याच काळातला बाघ प्रकल्प तर दोन राज्यांचा. शिरपूर, पुजारीटोला व कालीसरार या धरणांच्या पाण्यात महाराष्ट्राबरोबर मध्यप्रदेशाचाही वाटा आहे. ही पाणी मुळात धानासाठी अडविलेली. पण शहरे वाढली. गोंदिया शहराचे पिण्याचे पाणी वैनगंगेवरच्या डांगोर्ली येथून येते; २०१८ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले, तेव्हा पुजारीटोल्याच्या धरणातून कालव्यांच्या वाटेने डांगोर्लीपर्यंत पाणी आणावे लागले. शहराची तहान भागली ती वाटेतल्या अनेक खेड्यांनी आपल्या शिवेतून जाणारे ते पाणी पुढे जाऊ दिले म्हणून. शेतकऱ्याच्या बांधीतला जुना नियम येथे मैलोन्‌मैल लांबीच्या कालव्यास लागू पडला, एवढेच. त्याची रीत मात्र कोठे लिहिलेली नव्हती. टंचाई आली आणि वरून आदेश निघाले.

याच्या उलट अनुभव आमगाव-सालेकशाकडच्या बनगाव प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचा. एका नदीवरून अठ्ठेचाळीस गावांस नळाने पाणी द्यावयाचे, ही कल्पना उत्तम. एकेका गावास जे यंत्र परवडणार नाही ते सर्वांनी मिळून चालवावयाचे. परंतु थकबाकीपायी ही योजना बंद पडल्याचे प्रसंग वारंवार आले. अशा योजनेत पट्टी गोळा करणारी ग्रामपंचायत निराळी, यंत्र चालविणारी संस्था निराळी आणि विजेचे बिल धाडणारी कंपनी तिसरीच. काही गावांनी पट्टी भरली नाही म्हणजे ज्या गावाने पैसा न्‌ पैसा चुकता केला त्याचाही नळ कोरडा पडतो. बांधीच्या पद्धतीत तोंड दाबून धरणारा शेजारी निदान डोळ्यांसमोर असे आणि त्याच्या दारात जाऊन बोलता येत असे. नळाच्या दुसऱ्या टोकास कोण आहे हे सत्तेचाळीस गावांना ठाऊकच नसते. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचनाचे व्यवस्थापन देण्याची वाट काढली. पिण्याच्या पाण्याच्या सामाईक योजनेसाठी गावांची अशी जबाबदार संस्था उभी करणे हे त्याहून अवघड काम ठरले आहे.

तरी सारेच निराशाजनक आहे असे नव्हे. अर्जुनी-मोरगावच्या बाजूस भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या संस्थांना बरोबर घेऊन तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम चालविले आहे. या तलावांत बेशरम नावाच्या परक्या झुडपाने ठाण मांडले होते. त्याची कीर्ती अशी की उपटून काठावर टाकले तरी ते तेथेच मूळ धरते, तेव्हा नाव सार्थच म्हणावयाचे. ती झुडपे मुळासकट काढून, तलावाचा तळ नांगरून, तेथे देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या आश्रयाने स्थानिक जातीचे मासे परतले. गंमत अशी की, ज्यांची तलावाखाली एक गुंठाही जमीन नाही त्या ढीवरांनी हे श्रम केले. त्यांचा लाभ तलावाच्या पोटात आहे. मात्र शेतकऱ्यास पाणी ऐन पोटरीच्या वेळी सोडून हवे आणि मासे धरणाऱ्यास ते वैशाखापर्यंत टिकून हवे. हा जुना पेच प्रत्येक तलावावर नव्याने सोडवावा लागतो.

आणि आता एक प्रश्न असा आला आहे की त्याची जुन्या कागदांना कल्पनाच नव्हती. गोरेगावची ग्रामपंचायत जाऊन २०१५ साली नगरपंचायत आली. वस्ती वाढते, घरोघर नळ व शौचकूप होतात, आणि जेवढे पाणी घरात येते त्यातले बहुतेक मळके होऊन बाहेर पडते. ते उताराच्या दिशेने जाणार हे उघडच आहे. आणि माथ्यावर वसलेल्या गावाचा उतार नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी गावाकडे असतो. पांगोलीचे उदाहरण जवळच आहे. ती गोरेगाव तालुक्यातून निर्मळ निघते आणि गोंदियाच्या कडेने जाताना त्या शहराचे सांडपाणी पोटात घेते. पुढच्या गावांची गुरे त्याच पात्रावर उतरतात. शुद्ध पाणी वाटून घेण्यासाठी दोन संस्था एकत्र आल्याची उदाहरणे सापडतात. मैला शुद्ध करण्याचे यंत्र दोघांनी मिळून उभारावे आणि त्याचा खर्च दोघांनी सोसावा, हे फार विरळा घडते. कारण शुद्ध पाण्याची गरज दोघांना असते, तर मैल्याचा उपद्रव फक्त खालच्यास होतो. वाजिब-उल-अर्जात पाण्याचा क्रम होता, माशांचा हक्क होता, गाळाचाही होता. मैल्या पाण्याचे कलम त्यात नव्हते, कारण त्या काळी ते ज्याच्या त्याच्या परसात जिरून जात असे. नगरपंचायत आणि तिच्या उतारावरच्या ग्रामपंचायती यांच्यातले ते कलम अद्याप लिहावयाचे आहे.